तान्ह्या बाळाची निजायची जागा

घरात बाळ येणार म्हटले की साऱ्या घराला पाळण्याची आठवण होते. माळ्यावरचा जुना पाळणा खाली निघतो. कुणी म्हणते, "हाच रंगवून घेऊ." कुणी म्हणते, "आता नवा आणा, दुकानात छान छान मिळतात." कुणी म्हणते, "पाळणा कशाला? लुगड्याची झोळी बांधली की झाले."

पाळण्याचा रंग कोणता, त्याला झालर कसली, बारशाला फुले कोणती, यावर घरात पुष्कळ बोलणे होते. बाळ त्यात सुखरूप निजेल का, हे मात्र फार थोडी माणसे विचारतात. म्हणून या धड्यात आपण तेवढेच बघणार आहोत.

आपल्या वसई-विरार भागात घरे नाना तऱ्हेची आहेत. वाडीतले कौलारू घर आहे, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातले घर आहे, डोंगराकडच्या पाड्यावरचे कुडाचे घर आहे, आणि नालासोपाऱ्यातली एका खोलीची चाळही आहे. घर कसेही असो, तान्हे बाळ सगळीकडे सारखेच असते. त्याची गरजही सारखीच असते.

१. बाळाचे शरीर कसे असते?

नवे जन्मलेले बाळ दिवस-रात्र मिळून चौदा ते सतरा तास झोपते. म्हणजे त्याचे बहुतेक आयुष्य अंथरुणातच जाते. मोठ्या माणसाला अंथरूण टोचले तर तो कूस बदलतो. तोंडावर पांघरूण आले तर तो ते दूर करतो. बाळाला यातले काही येत नाही.

बाळाचे डोके अंगाच्या मानाने फार मोठे आणि जड असते. मान अगदी कोवळी असते. श्वासाची नळी लिहायच्या पेन्सिलीपेक्षाही बारीक असते. हनुवटी छातीला टेकली की ती नळी दुमडते. रबरी नळी दुमडली की पाणी थांबते ना? तसेच हे. नाकावर गोधडी आली, तोंड मऊ उशीत रुतले, तरीही श्वास कोंडतो. अशा वेळी बाळ रडत नाही. आवाज होत नाही. शेजारी निजलेल्या आईलाही कळत नाही.

आपल्याकडे अधूनमधून कानावर येते: बाळ रात्री दूध प्यायले, निजले, आणि पहाटे उठलेच नाही. मग लोक नाही नाही ते बोलतात. कुणी म्हणते दृष्ट लागली. कुणी त्या दुःखी आईलाच बोल लावते. हे फार वाईट आहे. अशा काही मृत्यूंचे कारण आज मोठमोठ्या डॉक्टरांनाही सापडत नाही. पण बाळाला कसे निजवावे आणि कशात निजवावे हे सांभाळले तर असे मृत्यू कमी होतात, एवढे नक्की ठाऊक झाले आहे. जे आपल्या हातात आहे ते आपण करावे. आईला दोष देऊ नये.

२. चार गोष्टी पाठ करा

बाळाची जागा निवडताना चार गोष्टी बघायच्या.

पहिली: बाळ पाठीवर निजले पाहिजे.
दुसरी: अंथरूण सपाट आणि घट्ट पाहिजे.
तिसरी: अंथरूण मोकळे पाहिजे. त्यात बाळाशिवाय काही नको.
चौथी: बाळ आईच्या जवळ पाहिजे, पण स्वतःच्या जागेवर पाहिजे.

या चार गोष्टी जिथे असतील ती जागा चांगली. मग तो दहा हजारांचा पाळणा असो की जमिनीवरची चटई.

आता पहिल्या गोष्टीबद्दल थोडे बोलू. पुष्कळ बायका म्हणतात, "बाळाला उताणे निजवले तर ओकलेले दूध घशात अडकेल. त्यापेक्षा पालथे किंवा कुशीवर बरे." ही भीती खरी वाटते, पण बरोबर नाही. बाळ उताणे असले की श्वासाची नळी वर असते आणि अन्नाची नळी खाली असते. वर आलेले दूध खालीच राहते. पालथे निजवले की उलट होते. अन्नाची नळी वर जाते आणि दूध श्वासाच्या नळीकडे उतरू शकते. तेव्हा दूध पाजून झाले की बाळाला खांद्यावर घ्यावे, ढेकर काढावी, आणि पाठीवर निजवावे.

इंग्लंडमध्येही पूर्वी बाळांना पालथे निजवीत. १९९१ साली तिथे मोठी मोहीम निघाली. घरोघर सांगितले गेले की बाळाला पाठीवर निजवा. १९९४ साली अमेरिकेतही तशीच मोहीम सुरू झाली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आली. औषध नाही, सुई नाही, पैसा नाही. फक्त निजवण्याची रीत बदलली.

जागेपणी मात्र बाळाला थोडा वेळ पालथे ठेवावे. आपण समोर बसावे. त्याने मान बळकट होते.

३. झोळी

झोळी गरिबाचा पाळणा आहे. वीटभट्टीवर, मिठागरावर, शेताच्या बांधावर आया झाडाला झोळी बांधतात आणि कामाला लागतात. झोळीमुळे बाळ मुंग्यांपासून, विंचवापासून, चिखलापासून वर राहते. तेव्हा झोळीला आम्ही नावे ठेवणार नाही. कष्टकरी आईची ती सोय आहे.

पण झोळीचा एक दोष आहे. कापड मध्ये खोलगट होते. बाळ धनुष्यासारखे वाकते. हनुवटी छातीला टेकते. वरून कापडाच्या दोन्ही कडा जवळ येतात आणि तोंड झाकले जाते. पहिल्या चार महिन्यांत, जेव्हा मान धरलेली नसते, तेव्हा हा धोका सर्वांत जास्त.

मग काय करावे? झोळीत बाळाला जोजवावे, शांत करावे. तोवर कुणीतरी मोठे माणूस जवळ बसावे. बाळाचे तोंड दिसत राहिले पाहिजे. बाळ निजले की त्याला उचलून सपाट जागी पाठीवर ठेवावे. रात्रभर झोळीत ठेवू नये. झोळी हलवायला चार-पाच वर्षांच्या ताई-दादाला एकटे बसवू नये. ते पोर खेळायला पळून जाते, आणि त्याचा काही दोषही नसतो.

४. टांगता पाळणा

बारशाला पाळणा हवाच. बाराव्या दिवशी बायका जमतात, पाळणा सजतो, नाव ठेवतात. हा आनंद जरूर करावा. पण बारशाच्या पाळण्यात रोज निजवायचे असेल तर तो पाळणा नीट तपासला पाहिजे.

आढ्याची कडी आणि साखळी बघा. गंज आहे का? आपल्याकडे समुद्राची खारी हवा आहे. लोखंड लवकर खाऊन जाते. पाळण्यात पंचवीस किलो तांदळाचे पोते ठेवा आणि हलवून बघा. कडी करकरली, दोर ताणला, लाकूड वाकले, तर तो पाळणा बाळासाठी नव्हे.

पाळणा थांबला की त्याचा तळ सपाट राहतो का ते बघा. एका बाजूला कलत असेल तर बाळ घसरून त्या कडेला जाते आणि तोंड फळीला दाबले जाते. दोऱ्या सारख्या लांबीच्या करून घ्या. गादीपासून कठड्यापर्यंत निदान एक वीत उंची पाहिजे. वर टांगलेल्या लाकडी चिमण्या, खुळखुळे बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतके उंच बांधा. पाळण्यात लोंबणारी दोरी, रिबन, झालर नको.

माळ्यावरच्या जुन्या पाळण्याचा रंग हाही एक प्रश्न आहे. पूर्वी रंगांत शिसे फार असे. शिसे हे विष आहे. ते बाळाच्या मेंदूला अपाय करते. घराच्या रंगांत शिसे किती असावे यावर भारत सरकारने २०१६ साली नियम केला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून तो लागू झाला. त्याच्या आधी रंगवलेल्या पाळण्याचा रंग पोपडे धरून निघत असेल तर तो वापरू नका. दात येऊ लागले की बाळ कठडा चावते, आणि रंग पोटात जातो. नुसता कोरडा कागद घासून जुना रंग काढू नका. त्याची धूळही विषारीच.

५. पलंगाला लागून ठेवायचा पाळणा

हल्ली दुकानांत एक नवा प्रकार मिळतो. छोटा पाळणा असतो. त्याला चार पाय असतात. त्याची एक बाजू खाली करता येते. तो आईच्या पलंगाला टेकवून पट्ट्यांनी बांधतात. आई पडल्या पडल्या हात लांब करते आणि बाळाला दूध पाजायला घेते. पाजून झाले की परत त्याच्या जागी ठेवते.

ही कल्पना चांगली आहे. बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर निजते. पहिले सहा महिने तरी बाळाला असेच निजवावे असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळंतपण पोट फाडून झाले असेल तर त्या बाईला वारंवार उठणे कठीण जाते. तिला असा पाळणा फार सोयीचा.

पण सगळेच पाळणे चांगले नसतात. घेण्यापूर्वी आपल्या हातांनी तपासा.

फट: पलंग आणि पाळणा यांच्यामध्ये फट मुळीच नको. बाळ सरकत सरकत त्या फटीत जाते आणि अडकते. पट्ट्यांनी आवळून बांधा. मग पाळणा जोराने ओढून बघा. सरकला तर तो बाळाला घेऊ नका. फटीत उशी किंवा चादर कोंबून काम भागवू नका. रोज रात्री निजण्यापूर्वी पट्टी पुन्हा बघा.

उंची: पाळण्याची गादी आईच्या गादीच्या बरोबरीला किंवा किंचित खाली असावी. आईच्या बाजूची कडा चार इंच तरी वर असावी. म्हणजे बाळ आईच्या पलंगावर घरंगळणार नाही आणि आईचे पांघरूणही पाळण्यात येणार नाही. आपल्याकडे सुंभाची बाज असेल तर हा पाळणा तिला नीट बसत नाही. बाज मध्ये खोल जाते आणि कडेला फट राहते. अशा वेळी पाळणा न जोडता बाजेच्या शेजारी वेगळा ठेवावा आणि त्याच्या चारही बाजू वर करून ठेवाव्या.

गज: कठड्याला गज असतील तर दोन गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. टेप नसेल तर बोटांनी मोजा. तीन बोटे आत जावीत, चार बोटे जाता कामा नयेत. अंतर जास्त असेल तर बाळाचे अंग बाहेर जाते आणि डोके आत अडकते.

गादी: गादी पाळण्यात घट्ट बसली पाहिजे. कडेला दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. गादीवर तळहात दाबा आणि उचला. खड्डा लगेच भरून आला तर गादी चांगली. हाताचा ठसा तसाच राहिला तर गादी मऊ आहे. मोठ्यांना मऊ गादी सुखाची, बाळाला ती घाताची.

उतार: डोक्याकडे उंच आणि पायाकडे उतरता असा पाळणा घेऊ नका. खुर्चीसारख्या झोपाळ्यात बाळाला झोपू देऊ नका. त्यात मान पुढे पडते. अशा उतरत्या पाळण्यांत बाळे दगावली म्हणून अमेरिकेने २०२२ साली कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली. कठड्याला आतून बांधायच्या जाड कापसाच्या गाद्यांवरही त्याच कायद्याने बंदी आली. आपल्याकडे या वस्तू विकायला दिसतात. दिसायला गोजिऱ्या असतात. भुलू नका.

खिळे आणि कळ: सगळे स्क्रू आवळा. घडी होणारा पाळणा असेल तर त्याची कळ नीट बसते का ते बघा. वर-खाली सरकणारी बाजू सैल झाल्याने बाळे अडकून दगावली, म्हणून २०११ साली अमेरिकेत बाजू सरकणारे मोठे पाळणे विकायला मनाई झाली. तेव्हा दुसऱ्याने वापरलेला पाळणा घेताना एकही भाग हरवलेला किंवा तारेने बांधलेला असता कामा नये.

कागद: पाळण्यावर किंवा खोक्यावर एक कागद चिकटवलेला असतो. किती वजनाच्या आणि किती महिन्यांच्या बाळासाठी तो पाळणा आहे हे त्यावर लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. तो कागद दुकानातच वाचा. इंग्रजीत असेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्या. बाळ हाता-गुडघ्यांवर उठू लागले की हा छोटा पाळणा बंद करायचा. बहुधा पाच-सहा महिन्यांत ती वेळ येते. तेवढ्यासाठी कर्ज काढून पाळणा घेऊ नये, असे आमचे सांगणे आहे.

६. अंथरुणात काय नको?

आपल्या हौशीने आपण बाळाचा पाळणा भरून टाकतो. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी ठेवतो. दोन बाजूंना छोटे लोड लावतो. वर आजीची गोधडी घालतो. पायाशी बाहुली ठेवतो. यातली प्रत्येक वस्तू प्रेमाने ठेवलेली असते. पण प्रत्येक वस्तू बाळाच्या नाकावर येऊ शकते.

पाळण्यात फक्त गादी, तिच्यावर ताणून खोचलेली चादर, आणि बाळ. एवढेच. उशी एक वर्षापर्यंत नको. डोक्याच्या आकारासाठी रोज निजवताना तोंड आज उजवीकडे, उद्या डावीकडे असे करावे.

गळ्यात काळा दोरा, दृष्टीचे मणी, सोन्याची साखळी घालतात. क्रूस किंवा ताईत घालतात. ज्याची त्याची श्रद्धा असते. पण निजवताना गळ्यातले काढून ठेवावे. दोरा कठड्याला अडकला की फास बसतो. तीट लावा, ती कुणाचा श्वास कोंडत नाही.

थंडी वाजेल म्हणून पांघरूण घालावेसे वाटते. त्यापेक्षा अंगात एक कपडा जास्त घालावा. कुंचीची आणि टोपड्याची नाडी गळ्याशी आवळू नये. टोपडे डोळ्यांवर घसरेल इतके मोठे नसावे. वैशाखाच्या उकाड्यात टोपडे, मोजे, दुपटे असे सगळे चढवू नये. बाळाच्या पोटाला आणि पायांना हात लावा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पाय गार असतील तर कपडा वाढवा. मानेला घाम असेल तर कपडा कमी करा.

७. पाळणा घेण्याची ऐपत नसेल तर?

तर काही बिघडत नाही. फिनलंड नावाचा एक थंड देश आहे. तिथल्या सरकारने १९३८ साली गरीब आयांना बाळाचे कपडे भरलेले एक पुठ्ठ्याचे खोके देण्यास सुरुवात केली. १९४९ पासून ते सगळ्याच आयांना मिळू लागले. खोक्याच्या तळाशी छोटी गादी असे. कपडे काढून घेतले की त्याच खोक्यात बाळ निजे. त्या देशातल्या किती तरी मोठ्या माणसांचा पहिला पाळणा म्हणजे ते खोके. सपाट, घट्ट, मोकळे आणि आईजवळ. खोके चालले, कारण चारही गोष्टी त्यात होत्या.

आपल्याकडे आई जमिनीवर निजत असेल तर बाळाची वेगळी चटई तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर अंथरावी. चटईवर पातळ, घट्ट सतरंजी घालावी. बाळ भिंतीच्या आणि आईच्या मध्ये कोंडलेले नसावे. दोघांच्या मध्ये मोठे भावंड निजवू नये.

जमिनीवर निजताना एक काळजी घ्यावी. पावसाळ्यात आपल्या भागात मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसांना चावते. म्हणून मच्छरदाणी लावावी आणि तिच्या कडा चटईखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. डास, मुंग्या, साप तिघांपासून राखण होते. मच्छरदाणी ताणलेली असावी. ती बाळाच्या तोंडावर लोंबत असेल तर अपाय करील. मुंग्यांसाठी पाळण्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत असाल तर ते पाणी रोज बदला. नाही तर मुंग्या टळतील आणि डास वाढतील.

आईच्याच अंथरुणात बाळ निजते, अशीही घरे पुष्कळ आहेत. निदान इतके पाळावे. घरात कुणी दारू प्यायलेले असेल, विडी-सिगारेट ओढणारे असेल, झोपेचे किंवा गुंगीचे औषध घेतलेले असेल, तर त्याच्याजवळ बाळ मुळीच निजवू नये. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन झोपू नये. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल किंवा वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर धोका आणखी वाढतो. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब देण्याची एक रीत आहे. ती फार गुणाची आहे. पण ती कशी करायची हे डॉक्टर किंवा नर्सबाईंकडून शिकून घ्यावे.

८. बाळंतिणीची खोली

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची चाल आहे. दारे-खिडक्या बंद करतात. वारा लागू नये म्हणून फटीसुद्धा बुजवतात. ही चाल सोडली पाहिजे. जळत्या कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठतो, आणि आई व बाळ दोघेही झोपेतच जाऊ शकतात. शेक घ्यायचाच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून घ्यावा, आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. धुरी, उदबत्ती, डासांची कॉइल यांचा धूरही बाळाच्या खोलीत नको. विडी ओढायची तर घराबाहेर जावे.

पाळणा खिडकीच्या पडद्याजवळ, विजेच्या वायरीजवळ किंवा जड फळीखाली ठेवू नये. पंखा चालेल. खोलीत हवा खेळती राहते. पण वारा थेट तोंडावर नको.

९. "आमची पोरे नाही का वाढली?"

हे सगळे ऐकून घरातली आजी म्हणेल, "आमची सहा पोरे झोळीत आणि राईच्या उशीवरच वाढली. त्यांना काय झाले?"

आजीचा मान राखूनच उत्तर द्यावे. "आई, तुम्ही आम्हाला कष्टाने वाढवलेत. पण तुमच्या वेळी घरोघरी एखादे मूल जात असे, आणि का गेले ते कुणाला कळत नसे." ही खरी गोष्ट आहे. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे १४६ बाळे वर्षाच्या आत जात. २०२० साली हा आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ झाला होता. हे काही एकट्या पाळण्याने झाले नाही. लस, दवाखाना, स्वच्छ पाणी, शिकलेली आई, सगळ्यांनी मिळून झाले. पण प्रत्येक वेळी कुणीतरी जुनी रीत तपासून बघितली आणि चुकीची होती तेवढी सोडली.

आपल्या महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत एक काम केले. गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाची निगा शिकवली. त्या घरोघर जाऊन बाळ तपासू लागल्या, ऊब कशी द्यावी, दूध कसे पाजावे ते सांगू लागल्या, आजारी बाळाला औषध देऊ लागल्या. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली हे काम जगापुढे आले. खेड्यातली बाई शिकली तर बाळ वाचते, हे त्यांनी दाखवून दिले.

२०११ पासून सरकारने आशाताईंमार्फत अशा भेटी देशभर सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही येतात. त्यांना बाळाची निजायची जागा दाखवा. "ताई, ही जागा बरोबर आहे का?" असे विचारा. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास फार भरभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ लुळे पडले असेल, तर थांबू नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा.

१०. हे ध्यानात ठेवा

पाठीवर निजवा.
सपाट आणि घट्ट अंथरूण घाला.
उशी, लोड, गोधडी, बाहुली काढा.
गळ्यातले काढून ठेवा.
खोली आईचीच, अंथरूण बाळाचे वेगळे.
फट मुळीच नको. गजांत चार बोटे जाता नयेत.
झोळीत जोजवा, निजले की सपाट जागी ठेवा.
शेगडी आणि धूर बाहेर.

ही यादी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि पाळण्याजवळच्या भिंतीवर चिकटवा. दिवसभर बाळ आजीकडे, आत्याकडे, शेजारणीकडे असते. ज्याच्या हाती बाळ, त्याला हे ठाऊक पाहिजे.

प्रश्न

१. बाळाला पाठीवर निजवले तर दूध श्वासाच्या नळीत का जात नाही?
२. टेप नसेल तर गजांमधले अंतर कसे मोजाल?
३. मऊ गादी कशी ओळखाल?
४. फिनलंडमधल्या खोक्यात कोणत्या चार गोष्टी होत्या?
५. तुमच्या घरी किंवा शेजारी तान्हे बाळ असेल तर त्याची निजायची जागा आजच बघा. त्यात काय काय काढावे लागेल ते लिहा. मग हा धडा त्या घरच्या मंडळींना वाचून दाखवा. बाळाच्या बापालाही जवळ बसवा.